‘बाहुली’ शब्दाचे अर्थ व त्याचें मूळ

जुन्या दप्तरांत, पोथ्यांत आणि जामदारखान्याच्या याद्यांत ‘बाहुली’, ‘बाहुलें’, ‘पुतळी’, ‘पुतळा’, ‘कळसूत्र’ हे शब्द वारंवार भेटतात. ते इतके परिचयाचे आहेत कीं, त्यांजवर थांबून विचार करावा असें वाचकास वाटत नाहीं. आणि या परिचयामुळेंच ते चुकीचे वाचले जाण्याचा संभव फार. दागिन्यांच्या यादींतील ‘पुतळी’ म्हणजे देवाची मूर्ति नव्हे, वैद्यकाच्या बाडांतील ‘बाहुली’ म्हणजे खेळणें नव्हे, आणि ठाकराच्या पोथींतील चित्र म्हणजे भिंतीवर लावण्याचा एकटा कागद नव्हे. शब्दाचा अर्थ निश्चित नसला म्हणजे वस्तूची नोंद चुकते, आणि नोंद चुकली म्हणजे वस्तु हातांत असूनहि इतिहासास मुकते. म्हणून या शब्दसमूहाचें मूळ, त्याचे भिन्न अर्थ व त्यांतून संग्राहकांनीं घ्यावयाचा बोध यांचा विचार प्रस्तुत लेखांत केला आहे.

(१) संस्कृतांतील नांवें

अमरकोशांत बाहुलीस ‘पाञ्चालिका’ व ‘पुत्रिका’ अशीं दोन नांवें दिलीं असून, ती वस्त्र, हस्तिदंत इत्यादिकांची केलेली असते असें सांगितलें आहे. हीं नांवें शूद्रवर्गांत, म्हणजे कारागिरांचीं साधनें व कामें जेथें सांगितलीं आहेत तेथें, येतात हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. कोशकाराच्या दृष्टीनें बाहुली हा कारागिरीचा विषय आहे, क्रीडेचा नव्हे. यांखेरीज ‘पुत्तलिका’, ‘शालभञ्जिका’ आणि ‘दारुमयी योषा’ अशीं नांवें संस्कृत वाङ्मयांत आढळतात.

या नांवांचे तीन गट सहज पडतात. ‘पुत्रिका’ व ‘पुत्तलिका’ हीं नात्यावरून पडलेलीं; त्यांचा मूळ अर्थ ‘लहानगी मुलगी’ एवढाच. ‘पाञ्चालिका’ हें देशावरून, व ‘शालभञ्जिका’ हें शालवृक्षाची डहाळी मोडणाऱ्या स्त्रीच्या आकृतीवरून पडलेलें. तिसरा गट द्रव्यावरून व हालचालीवरून पडलेल्या नांवांचा. महाभारतांत उद्योगपर्वीं धृतराष्ट्र विदुराशीं बोलतांना मनुष्याच्या परतंत्रतेस दोऱ्यांत ओवलेल्या लाकडी स्त्रीची उपमा देतो. वनपर्वांत द्रौपदीहि युधिष्ठिराजवळ याच प्रकारची उपमा योजिते. उपमा देणारास श्रोत्याचा परिचय गृहीत धरावा लागतो. तेव्हां या उपमा रचल्या गेल्या त्या काळीं दोऱ्यानें नाचणारी लाकडी बाहुली लोकांच्या नित्य पाहण्यांतील होती, एवढें निःसंशय ठरतें.

पालि थेरीगाथेंत शुभा नांवाच्या भिक्षुणीच्या गाथांत रंगविलेल्या, खुंट्या व दोऱ्या लाविलेल्या नव्या लाकडी बाहुल्यांचें वर्णन आहे. दोऱ्या सोडविल्या व तुकडे वेगळे केले म्हणजे बाहुली म्हणून कांहीं उरत नाहीं, तसेंच हें शरीर, असा तिचा उपदेश आहे. अकराव्या शतकांतील सोमदेवाच्या कथासरित्सागरांत मयासुराची कन्या सोमप्रभा ही कलिंगसेनेस करमणुकीसाठीं यांत्रिक बाहुल्यांची पेटी आणून देते. त्यांतील एक कळ दाबतांच उडून माला आणते, दुसरी पाणी आणते, एक नाचते, एक बोलते. इ. स. ९०० च्या सुमाराचा राजशेखर आपल्या बालरामायणाच्या पांचव्या अंकांत सीतेची यंत्रमय प्रतिकृति रंगभूमीवर आणतो व तिच्या मुखांत पढविलेली पक्षिणी ठेवून तिला बोलावयास लावतो. हा कवि आपल्या पूर्वजास महाराष्ट्राचा चूडामणि म्हणतो, त्यामुळें ‘बोलक्या बाहुली’चा हा जुना दाखला आपल्यास दुप्पट जवळचा आहे. आज भोसरीच्या कारखान्यांत माणसाच्या हाताविना फिरणारे लोखंडी हात पाहून ज्यांना आश्चर्य वाटतें, त्यांनीं सोमप्रभेची पेटी एकदां उघडून पाहावी. कल्पना जुनी आहे. नवें आहे तें तिचें लोखंड.

(२) पुतळी व पुतळा

संस्कृत ‘पुत्र’ याचें प्राकृतांत ‘पुत्त’ होतें. त्यास ‘ल’ प्रत्यय लागून ‘पुत्तल’ झालें, आणि हें प्राकृत रूपच पुढें संस्कृतांत ‘पुत्तल’, ‘पुत्तलिका’ असें शिरलें. मराठींत त्याचे ‘पुतळा’ व ‘पुतळी’ झाले. येथें ‘ल’चा ‘ळ’ झाला आहे, ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. ‘बाहुली’च्या व्युत्पत्तीचा निकाल पुढें याच अक्षरावर लागावयाचा आहे.

मराठींत या दोन रूपांनीं निरनिराळे संसार थाटले. ‘पुतळा’ हा विशिष्ट व्यक्तीच्या जागीं उभा असतो. चौकांतील पुतळा ज्याचा असेल त्याचाच असतो. रागावलेले लोक पुतळा जाळतात तोहि अमक्याचा म्हणूनच. या अर्थाचें मूळ धर्मशास्त्रांत आहे. परदेशीं मृत झालेल्या व ज्याचें शरीर मिळालें नाहीं अशा मनुष्याची पळसाच्या ३६० देठांची प्रतिकृति करून तिजवर दाहसंस्कार करावा, असें विधान आहे. यासच पालाशविधि म्हणतात. देहाच्या अभावीं देहाचें काम पुतळा करतो, ही कल्पना त्यांत स्पष्ट आहे.

‘पुतळी’चे तीन अर्थ संशोधकास नित्य लागतात. पहिला मूर्तीचा: विक्रमाच्या सिंहासनाच्या बत्तीस पुतळ्या ‘सिंहासनबत्तिशी’च्या हस्तलिखितांतून सर्वांस ठाऊक आहेत. दुसरा नाण्याचा: व्हेनिस येथील सोन्याचें नाणें आपल्याकडे ‘पुतळी’ या नांवानें चाले. त्याच्या एका बाजूस संत मार्कापुढें गुडघे टेकलेला तेथील अधिपति व दुसऱ्या बाजूस ख्रिस्ताची उभी आकृति असे. ज्यांस ना मार्क ठाऊक ना व्हेनिस, त्यांनीं नाण्यावर दिसलें तें नांव ठेविलें. ‘पुतळ्यांची माळ’ हा दागिना त्यावरूनच आला. म्हणून पेशवेकालीन यादींत ‘पुतळ्या’ असा शब्द येऊन पुढें संख्या असेल, तर मूर्ति शोधीत न बसतां आधीं नाण्यांचा विचार करावा. तिसरा अर्थ डोळ्यांतील काळ्या भागाचा. हिंदींत तो रूढ आहे, मराठींत त्याची जागा ‘बाहुली’नें घेतली.

(३) बाहुली

आतां मुख्य शब्दाकडे वळूं. ‘बाहुली’ हा ‘बाहु’ शब्दापासून निघाला, कारण ती हात हालविते, अशी व्युत्पत्ति पुष्कळांच्या तोंडीं आहे. ती ऐकावयास गोड आहे, परंतु दोन कारणांनीं टिकत नाहीं. पहिलें असें कीं, मुलींच्या खेळांतील चिंधीच्या बाहुलीस हात असतातच असें नाहीं, आणि असले तरी ते हालत नाहींत. दुसरें कारण अधिक बळकट आहे. संस्कृत-प्राकृतांतील दोन स्वरांमधील एकेरी ‘ल’चा मराठींत ‘ळ’ होतो, व जोड ‘ल्ल’ असेल तर त्याचा ‘ल’ राहतो. ‘काल’चा ‘काळ’, ‘फल’चें ‘फळ’, ‘पुत्तल’चा ‘पुतळा’. परंतु ‘भल्ल’चा ‘भाला’ व ‘कल्य’ म्हणजे प्राकृत ‘कल्ल’ याचें ‘काल’. ‘बाहु’ला एकेरी ‘ल’ लागून शब्द झाला असता, तर आपण ‘बाहुळी’ म्हटलें असतें. तसें कोणीच म्हणत नाहीं. अर्थात् मूळ शब्दांत जोड ‘ल्ल’ असला पाहिजे.

तो तसा आहेहि. बाराव्या शतकांत हेमचंद्रानें देशीनाममाला या कोशांत संस्कृतावरून सिद्ध न होणारे प्राकृत शब्द संग्रहित केले. त्यांत ‘बाउल्ली’ हा शब्द पाञ्चालिका या अर्थीं दिला आहे. जैन प्राकृत ग्रंथांतून ‘बाउल्ल’, ‘बाउल्लय’ अशीं रूपेंहि येतात. नियमानें काय उरावें असें आपण मानलें, तेंच कोशांत लिहिलेलें सांपडलें. व्युत्पत्तिशास्त्रांत यापेक्षां समाधानाचा योग क्वचितच येतो.

‘बाउल्ली’ची ‘बाहुली’ होतांना मध्यें ‘ह’ कोठून आला, असा प्रश्न राहतो. दोन स्वर शेजारीं आले असतां उच्चारसौकर्यासाठीं मध्यें ‘ह’ येणें मराठीस नवें नाहीं. ‘सज्ञान’चें हिंदींत ‘सयाना’ झालें, मराठींत ‘शहाणा’ झालें. ‘शाण’ म्हणजे घासण्याचा दगड, त्याची आपण ‘सहाण’ केली. तोच ‘ह’ येथें आला आहे. कोंकणींत तो आला नाहीं, म्हणून तेथें ‘बावली’, ‘बावलें’ असेंच म्हणतात. गुजराथींत ‘बावलुं’ म्हणजे पुतळा. तेथें ‘पूतळी’ शब्दांत ‘ळ’ व ‘बावलुं’ शब्दांत ‘ल’ आहे, म्हणजे मराठींत जो भेद दिसतो तोच शेजारच्या भाषेंतहि कायम आहे. तीन भाषांची साक्ष अशी जुळते.

ग्रामीण पुणेरी बोलींत या शब्दाचें ‘भावली’ असें रूप ऐकूं येतें. ‘भावला-भावलीचें लगीन’ हा मुलींचा खेळ आहे. हें अशुद्ध रूप म्हणून शाळेंत पुसून टाकण्यांत आलें, परंतु त्यांत भाषेचा नियमच दिसतो. मधला ‘ह’ पुढें सरकून पहिल्या व्यंजनास मिळतो. ‘महिषी’ची ‘म्हैस’ अशीच झाली. ‘बहीण’ची ‘भैन’ अशीच होते. म्हणजे कोंकणची ‘बावली’, पुस्तकांतील ‘बाहुली’ आणि आमच्या गांवकुसाची ‘भावली’ हे एकाच शब्दाचे तीन मुक्काम आहेत.

शेवटच्या ‘उल्ल’ या अंशाविषयीं शंका नाहीं. हा प्राकृतांतील लघुत्वाचा व लाडाचा प्रत्यय होय. ‘सानुला’, ‘धाकुला’, ‘तान्हुलें’ यांत तो आजहि जिवंत आहे. राहिला मूळ शब्द. तमिळमध्यें ‘पावै’ म्हणजे बाहुली, प्रतिमा, तरुणी व डोळ्यांतील बाहुली. मलयाळमांत ‘पाव’ म्हणजे बाहुली, आणि तेथील चामड्याच्या बाहुल्यांच्या छायाखेळास ‘तोलपावकूत्तु’ म्हणतात. अर्थाचें हें साम्य लक्षणीय आहे. परंतु आरंभींच्या ‘प’चा ‘ब’ होण्यास मराठींत किंवा प्राकृतांत सर्वसाधारण नियम नाहीं. तेव्हां या साम्यावर नात्याचा शिक्का मारणें योग्य नव्हे. हेमचंद्रापर्यंत रस्ता पक्का आहे. त्यापुढील पाऊलवाट आहे, व ती पाऊलवाट म्हणूनच दाखविली पाहिजे.

असा विवेक ठेवण्याची गरज किती आहे हें आमच्या गांवाच्या नांवावरूनच दिसेल. भोसरी म्हणजे राजा भोजाचें ‘भोजपूर’ असें येथें परंपरेनें सांगतात. परंपरा आदरणीय आहे. परंतु ‘ज’चा ‘स’ होणें मराठीच्या नित्य नियमांत बसत नाहीं, म्हणून त्या नांवाच्या मधल्या पायऱ्या ताम्रपटांत किंवा कागदांत दाखविल्याखेरीज तें समीकरण शास्त्रांत घेतां येत नाहीं. ‘बाहुली’स मधली पायरी मिळाली, हें तिचें भाग्य.

(४) डोळ्यांतील बाहुली

मोल्सवर्थच्या कोशांत (दुसरी आवृत्ति, १८५७) ‘बाहुली’चे खेळणें व डोळ्यांतील काळा भाग असे दोन्ही अर्थ दिले आहेत. हे दोन अर्थ एकत्र कसे आले, याचें उत्तर दुसऱ्याच्या डोळ्यांत जवळून पाहिल्यास तत्काळ मिळतें: तेथें आपलीच बोटभरहि नसलेली आकृति उभी दिसते. ती आकृति म्हणजे बाहुली. आणि ती जेथें दिसते त्या जागेसहि तेंच नांव.

ही कल्पना एका भाषेची नाहीं. संस्कृतांत डोळ्यांतील बाहुलीस ‘कनीनिका’ म्हणतात. त्यांतील मूळ शब्द ‘कनीन’, ‘कन्या’ यांच्याच कुळांतील आहे. ग्रीक भाषेंत ‘कोरे’ म्हणजे मुलगी व डोळ्यांतील बाहुली; लॅटिनमध्यें ‘पुपिल्ला’ म्हणजे लहान मुलगी व तीच बाहुली. तमिळ ‘पावै’चा उल्लेख वर आलाच आहे, तेलुगूंत ‘पाप’ म्हणजे मूल, व ‘कंटि पाप’ म्हणजे डोळ्यांतील बाहुली. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलांतील बत्तिसाव्या सूक्ताच्या शेवटीं ‘कनीनक’ शब्द लाकडी खांबाच्या संदर्भांत येतो, व कांहीं व्याख्यात्यांनीं तेथें लहान बाहुल्या असाच अर्थ केला आहे. छांदोग्योपनिषदांत डोळ्यांत दिसणाऱ्या पुरुषाची चर्चा आहे. प्रजापतीनें तो शब्द उच्चारतांच विरोचन प्रतिबिंबावरच समाधान मानून परत गेला व इंद्र शंका घेऊन पुन्हा आला, ही कथा प्रसिद्ध आहे. डोळ्यांतील बाहुली पाहून तीच आत्मा समजणें, हा विरोचनाचा मार्ग. ती कोणाची, हें विचारणें हा इंद्राचा.

थेरीगाथेंतील ज्या शुभेचा उल्लेख वर केला, तिच्या कथेंत हे दोन्ही अर्थ एकत्र आले आहेत. वनांत वाट अडविणारा पुरुष तिच्या डोळ्यांची स्तुति करतो. ती शरीरास दोऱ्यांच्या बाहुलीची उपमा देते, आणि शेवटीं आपला डोळाच काढून त्याच्या हातीं ठेवते. पालि कवीच्या मनांत हें शब्दसाम्य होतें असें म्हणण्याचा आमचा हेतु नाहीं; परंतु डोळा आणि बाहुली यांची सांगड किती खोल रुजली आहे, याची ती साक्ष आहे.

(५) कळसूत्र, साइखड व सूत्रधार

हिंदींतील ‘कठपुतली’ म्हणजे काष्ठपुत्तलिका. तें नांव द्रव्यावरून पडलें. मराठीनें लाकडाकडे न पाहतां करामतीकडे पाहिलें: ‘कळ’ आणि ‘सूत्र’ मिळून ‘कळसूत्र’, व त्यावर चालते ती ‘कळसूत्री बाहुली’. ‘ठकी’ या लाकडी बाहुलीस कळ नाहीं व सूत्रहि नाहीं. ती कितीहि लाकडी असली तरी कळसूत्री नव्हे. वस्तुसंग्रहांतील नोंदींत हा भेद पाळला पाहिजे.

याहून जुना शब्द ‘साइखड’ हा होय. ज्ञानेश्वरींत (शके १२१२, इ. स. १२९०) तो सूत्रानें चालणाऱ्या बाहुलीच्या अर्थीं येतो. गीतेच्या अठराव्या अध्यायांत ईश्वर सर्व भूतांस यंत्रारूढ असल्याप्रमाणें फिरवितो असें वचन आहे, व तेथें शांकरभाष्यांत लाकडाच्या केलेल्या पुरुषादिकांचें उदाहरण दिलें आहे. आचार्यांचा दृष्टान्त संस्कृतांत राहिला. तोच खेळ ज्ञानदेवांनीं मराठी श्रोत्यांस त्यांच्या तोंडच्या शब्दानें दाखविला. भोसरीहून आळंदीस जाणाऱ्या वाटेवर रोज हजारों माणसें ये-जा करतात; पण ‘साइखड’ शब्द त्यांपैकीं कोणाच्या बोलण्यांत उरला नाहीं. शब्द जातो तेव्हां त्याच्यामागची वस्तुहि नजरेआड होते, याचें हें उदाहरण होय.

‘सूत्रधार’ शब्दावरून एक मोठा वाद झालेला आहे. नाटकांतील सूत्रधार हा मूळचा बाहुल्यांचे दोरे धरणारा असावा, अशी सूचना शंकर पांडुरंग पंडित यांनीं विक्रमोर्वशीयाच्या १८७९ च्या आवृत्तींत केली होती. रिचर्ड पिशेल या जर्मन पंडितानें १९०० सालीं बाहुल्यांच्या खेळाचें माहेर हिंदुस्थान होय असें प्रतिपादन करतांना तीच सूचना पुढें नेली. याच पिशेलनें १८८० सालीं देशीनाममाला छापून प्रसिद्ध केली होती, हा योगायोग सुंदर आहे.

तथापि या मतास एक मोठी अडचण आहे. ‘सूत्र’ म्हणजे केवळ बाहुलीचा दोरा नव्हे. मापण्याची दोरी हाहि त्याचा जुना अर्थ आहे. शिलालेखांत व शिल्पग्रंथांत ‘सूत्रधार’ म्हणजे देऊळ बांधणारा, दगड घडविणारा. पंधराव्या शतकांत कुंभा राण्याच्या पदरीं असलेला मंडन हा ‘सूत्रधार मंडन’ म्हणूनच प्रसिद्ध आहे. मराठींत तर हा अर्थ घरोघरीं आहे: ‘सूत्रधार’चें प्राकृत ‘सुत्तहार’, व त्याचा आपला ‘सुतार’. म्हणजे बाहुली घडविणारा सुतार व नाटक चालविणारा सूत्रधार हे शब्दानें सख्खे भाऊ आहेत. परंतु एकाच्या नांवावरून दुसऱ्याचा धंदा सिद्ध होत नाहीं. बाहुल्यांपासून नाटक निघालें, हें या एका शब्दावरून म्हणतां येणार नाहीं.

मात्र महाराष्ट्राच्या अर्वाचीन इतिहासांत हे दोन्ही धंदे एका माणसाच्या हातीं आल्याचा दाखला आहे. सांगलीचे विष्णुदास भावे यांस लाकडी बाहुल्या घडविण्याचें अंग होतें. चिंतामणराव ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयानें त्यांनीं ५ नोव्हेंबर १८४३ रोजीं ‘सीतास्वयंवर’ हा खेळ माणसांकडून करविला. या खेळांत पदें सूत्रधार म्हणे व पात्रें त्यानुसार अभिनय व भाषण करीत. दोरे नव्हते, पण खेळ सूत्रधाराच्याच हातीं होता. भावे यांच्या बाहुल्या पुढें रामदास पाध्ये यांनीं दुरुस्त करून पुन्हा रंगमंचावर आणल्या. नाट्येतिहास लिहिणाऱ्यांनीं पंडित-पिशेल वाद वाचण्यापूर्वीं या बाहुल्या पाहाव्या, असें आम्हांस वाटतें.

(६) पिंगुळीचे ठाकर व पाणिनीचें सूत्र

सिंधुदुर्ग जिल्ह्यांत कुडाळजवळ पिंगुळी येथें ठाकर समाजाचीं कुटुंबें आहेत. लाकडी कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ आणि चित्रकथी अशीं तिन्ही कलांगें त्यांच्या घराण्यांत चालत आलीं. सावंतवाडी संस्थानानें या कलेस आश्रय दिला होता. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांस २०२१ सालीं पद्मश्री देण्यांत आली. चित्रकथी ही संस्था जुनी आहे. कल्याणीच्या चालुक्यांपैकीं तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील मानसोल्लासांतहि चित्रें दाखवून कथा सांगणाऱ्याचा उल्लेख आहे.

ठाकरांच्या चित्रसंचास ‘पोथी’ म्हणतात. एका पोथींत साधारणतः तीस ते पन्नास चित्रें असून तीं पाठीस पाठ लावून चिकटविलेलीं असतात. एक पान उलटलें कीं कथेचा पुढील प्रसंग येतो. अक्षरें जवळजवळ नसतात. कथा मुखांत असते. या चित्रांना ‘पैठणचीं चित्रें’ असें नांव पडलें, कारण संग्राहकांच्या हातीं तीं प्रथम त्या बाजूनें आलीं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत तीं जतन झालीं आहेत. जीं तेथें पोंचलीं तीं वांचलीं. परंतु बाजारांत सुटीं झालेलीं पानें देशोदेशीं गेलीं, आणि कोणतें पान कोणत्या कथेचें व त्याच्या आधीं-मागें काय होतें, हें सांगणारा मुखपाठ त्यांच्याबरोबर गेला नाहीं.

येथें पाणिनीच्या एका सूत्राची आठवण होते. अष्टाध्यायीच्या पांचव्या अध्यायांत, एखाद्याची प्रतिकृति असा अर्थ असतां शब्दास ‘कन्’ प्रत्यय लावावा असें सांगितलें आहे. घोड्याची प्रतिकृति ती ‘अश्वक’. लगेच पुढें अपवाद येतो: जी प्रतिमा उपजीविकेसाठीं आहे परंतु विक्रीसाठीं नाहीं, तिच्या नांवांतून हा प्रत्यय गळतो. शिवाची प्रतिमा घेऊन जो गांवोगांव फिरतो व लोकांच्या श्रद्धेवर पोट भरतो, त्याच्या हातांतील प्रतिमा ‘शिव’च, बाजारांत मांडली तर ती ‘शिवक’. पतंजलीनें याच प्रसंगीं, मौर्यांनीं द्रव्यलोभानें प्रतिमा करविल्याचा उल्लेख केला आहे.

वैयाकरणाच्या या सूक्ष्म भेदांत आमच्या विषयाचें सार आहे. ठाकराच्या खेळाच्या आरंभीं गणपति येतो. तेव्हां प्रेक्षकांतील कोणी ‘गणपतीची बाहुली आली’ असें म्हणत नाहीं. ‘गणपति आला’ असेंच म्हणतात. तीच आकृति दुकानाच्या कांचेमागें गेली कीं ‘बाहुली’ होते, व तिच्याखालीं किंमत लिहिली जाते. वस्तु तीच, लाकूड तेंच, रंग तोच. बदलला तो केवळ एक प्रत्यय. उपजीविका आणि विक्री यांमधली रेघ पाणिनीनें जेथें ओढली, तेथेंच आपल्या संग्रहांचा उंबरठा आहे.

(७) संग्राहकांस विनंति

वरील विवेचनावरून कांहीं व्यवहारोपयोगी गोष्टी निघतात, त्या येथें एकत्र मांडतों.

मोडी कागदांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो व शब्द तोडून लिहीत नाहींत. त्यांत ‘ह’ गळून लिहिलेली ‘बावली’ ही खेळांतील बाहुली असूं शकते, किंवा ‘वापी’ शब्दापासून आलेली पायऱ्यांची विहीरहि असूं शकते. शेजारीं जमीन, मोट, पाणी यांचे शब्द असतील तर विहीर. खण, चिंधी, लग्न, मुली यांचे असतील तर बाहुली. केवळ अक्षरावरून निर्णय करूं नये. ‘पुतळी’पुढें संख्या व सोन्याचा संबंध असल्यास नाणें समजावें. वैद्यकाच्या किंवा नजर लागण्याच्या बाडांत ‘बाहुली’ आली तर ती डोळ्यांतील कीं दृष्ट काढण्याची, हें आधीं पाहावें.

चित्रकथीचें पान हातीं आल्यास त्याची पाठ सोडवूं नये. पाठीवरचें चित्र हेंच त्याच्या पुढच्या अथवा मागच्या प्रसंगाचें प्रमाण असतें. पान कोणत्या गांवाहून, कोणत्या पोथींतून, कितव्या क्रमानें आलें हें जेवढें कळेल तेवढें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. एका पोथीचीं पानें दोन संग्राहकांकडे असतील तर त्यांनीं निदान एकमेकांस छायाचित्रें द्यावीं. मालकी दोघांची राहील व कथा एक होईल. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, जेथें खेळ करणारीं माणसें आजहि आहेत, तेथें पात्राचें नांव त्यांच्याच तोंडून विचारावें व त्यांच्याच शब्दांत नोंदवावें. यादींत ‘लाकडी बाहुली, एक नग’ असें लिहिणें सोपें आहे. परंतु त्या नोंदींतून ती रावण होती कीं मंदोदरी, हें पुढच्या शंभर वर्षांत कोणास कळणार नाहीं.

‘बाउल्ली’ हा शब्द हेमचंद्रानें एका ओळींत टिपून ठेविला नसता, तर आज आपण ‘बाहु’ शब्दाभोंवतींच घोटाळत राहिलों असतों. एका नोंदीचें मोल एवढें असतें. आपल्या कपाटांतील प्रत्येक आकृतीखालीं तिचें खरें नांव लिहिणें, हें त्याच जातीचें काम आहे, आणि तें सांगणारीं माणसें हयात आहेत तोंवरच तें करतां येण्यासारखें आहे.